नोंदी वर जातात, खाली काय येतं? आरोग्याची ॲप बनवणाऱ्यांना आणि मंजूर करणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

तुमच्यातलं कोणी मंत्रालयात बसतं, कोणी दिल्लीत, कोणी पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपनीत. कोणाचं नाव नि पद काय ते मला माहीत नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहितोय. मी नाशिकला पेठ नाक्याजवळ मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतो, चौदा वर्षं झाली. गाव पेठ तालुक्यात, सावळघाट, कोटंबी घाट ओलांडायचे नि मग मेन रोड सोडून आत. माझी वहिनी गावात आशा सेविका आहे. पेठ-करंजाळीकडची माणसं नाशिकला आली की नाक्यावरच उतरतात, त्यामुळे तिकडच्या आशाताई, अंगणवाडीताई, सिस्टर यांचे फोन माझ्याच टेबलावर येतात. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला पण नाही, पण तुमचं ॲप ज्या फोनमध्ये चालतं तो फोन मी रोज उघडून आतून बघतो. तेवढ्या हक्काने लिहितोय, राग मानू नका.

पावसाळ्याच्या आधी एक ताई आल्या. भाऊ फोन सारखा हँग होतो, आज रात्रीच्या आत माहिती टाकायचीय नाहीतर उद्या मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घेतात. फोन ३२ जीबीचा, हप्त्यावर घेतलेला, काचेवर सेलोटेप. चार्जिंगच्या पिनमध्ये माती नि नागलीचं पीठ घट्ट बसलेलं, ते टाचणीने काढलं. स्टोरेज बघितलं तर फुल. कामाची ॲप ११. कार्ड काढायचं वेगळं, गरोदर बायांच्या नोंदीचं वेगळं, टीबीचं वेगळं, सर्वेचं वेगळं, हजेरीचं वेगळं. आणि गॅलरीत काय, तर गावातल्या लोकांचे आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, कुणाच्या पायाची जखम, कुणाची सोनोग्राफी. शेकड्याने फोटो. कुठलं ॲप अडकलं की फोटो ग्रुपवर टाका असं वरून सांगतात म्हणून ते साठत गेलेले.

मी म्हटलं ताई काहीतरी काढावं लागेल. ॲप काढता येत नाहीत, ग्रुप सोडता येत नाहीत, लोकांचे कागद परत मागितले तर म्हणून तेही काढता येत नाहीत. मग त्यांनी स्टुलावर बसून पोरीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो डिलीट करायला घेतले, एकेक फोटो मोठा करून बघायच्या नि मग डिलीट. मी म्हटलं थांबा, पेनड्राईव्हमध्ये देतो, तर म्हणाल्या घरी कॉम्प्युटर कुठंय, पेनड्राईव्ह कशात बघू. मी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवलेत ते. पण तो अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

कारण मला त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. त्या फोनमधून सगळं वर जातं. कोण गरोदर, कुणाचं वजन किती, कुणाला खोकला, कोण कामाला बाहेरगावी गेलं, सगळं सगळं वर. आणि वरून खाली काय येतं तर पुढचा फॉर्म येतो. ज्या बाईचं हिमोग्लोबिन सात आहे असं वहिनी भरते, त्या बाईबद्दल कुणी डॉक्टर उलट फोन करून विचारतो का की ताई त्या पेशंटचं काय झालं, गोळ्या पोचल्या का, तिला रक्त चढवायला कधी आणताय? आमच्याकडे तरी मी ऐकलं नाही. डॅशबोर्डवर लाल ठिपका दिसत असेल कदाचित. पण ठिपका बघून माणूस बरा होत नाही ना.

आता तुम्ही म्हणाल की हा मोबाईलवाला टेक्नॉलॉजीच्याच विरोधात बोलतोय. अजिबात नाही. माझं पोट त्याच्यावर चालतं आणि फोनने काय होऊ शकतं हे मी घरात बघितलंय.

आमच्या आजीच्या पायाला जखम होती, दोन महिने भरत नव्हती. हळद लावून झाली, पाला लावून झाला, एका खाजगी दवाखान्यात सुया झाल्या. नाशिकला चल म्हटलं की आजी म्हणायची भात लावणी होऊ दे. शेवटी वहिनीने तिला उपकेंद्रात नेलं, तिथल्या सीएचओ मॅडमनी, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओवरून सल्ला द्यायच्या सोयीवर, डॉक्टर लावून दिला. पद्धत चांगली आहे ती. पेशंट एकटा स्क्रीनसमोर बसत नाही, बाजूला सीएचओ असते, ती बीपी बघते, शुगर बघते, कॅमेरा जखमेजवळ धरते आणि पलीकडे डॉक्टर. डॉक्टरांनी आधी शुगर किती विचारली, मग बोटांना स्पर्श कळतो का ते बघायला सांगितलं. पाचेक मिनिटांत कळलं की जखमेचं मूळ शुगरमध्ये आहे. आजीला स्वतःला शुगर आहे हे ७० वर्षांत कुणी सांगितलेलं नव्हतं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या वर प्रवास, दोन माणसांची मजुरी बुडणार, वर बाहेरचं खाणं, सगळं वाचलं. तुम्ही २०१९ ला हे सुरू केलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत १० कोटी सल्ले झाले असं सरकारने जाहीर केलं, ती बातमी वाचली तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. त्या १० कोटींतल्या प्रत्येकाला आजीसारखंच झालं असेल असं नाही, पण झालं त्यांचं खरंच भलं झालं.

पण त्यातच बघा काय काय झालं. आजी बोलते कोकणीत, म्हणजे गोव्याची नाही, आमची डांगाकडची. ती म्हणाली जीव घाबरा होतो. डॉक्टरांना वाटलं टेन्शन आहे. तिला म्हणायचं होतं की चढण चढली की दम लागतो. सीएचओ मॅडम पण लातूरकडच्या, त्यांना कळलं नाही, वहिनी बाजूला होती म्हणून तिने सांगितलं. वहिनी नसती तर? मग चिठ्ठी आली, चिठ्ठीवरची एक गोळी होती नि दुसरी संपलेली. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात परत नाही. शेवटी ती मी नाशिकहून एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली. दिल्लीच्या सर्व्हरवर तो सल्ला 'पूर्ण' म्हणून मोजला गेला असेल, आमच्यासाठी तो पूर्ण झाला गोळी हातात पडली तेव्हा, सतरा दिवसांनी.

म्हणून माझं पहिलं मागणं हेच की सल्ले किती झाले हे मोजताना औषध किती जणांना मिळालं हेही मोजा, आणि तोच आकडा मोठ्या अक्षरात लावा.

आता ओटीपीचं सांगतो. तुम्ही ऑफिसात बसून ओटीपी टाकता, दोन सेकंदात काम होतं. आमच्याकडे घरात फोन एक, तो नवऱ्याकडे, आणि नवरा दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागेत. आधारला नंबर कुठला जोडलाय ते कुणाला आठवत नाही. वहिनी बाळंतिणीच्या घरी बसून नवऱ्याला फोन लावते, दादा एक आकडा आला असेल तो सांगा. तो माणूस द्राक्षाच्या वेलीखाली, हातात कात्री, मेसेज उघडून वाचेपर्यंत दहा मिनिटं होतात, ओटीपी एक्सपायर. पुन्हा पाठवा. तिसऱ्यांदा लॉक. शिवाय आम्हीच सगळ्यांना शिकवतो की ओटीपी कुणाला सांगू नका, बँकेतले पैसे जातात, आणि आमचीच आशा फोनवर ओटीपी मागते. उद्या एखादा चोर आशाताईच्या नावाने फोन करेल तेव्हा लोक बिनदिक्कत सांगतील, याची मला फार भीती वाटते. आणि हे सगळं कधी, तर रेंज असेल तेव्हा. वहिनी दिवसभराच्या नोंदी वहीत लिहिते आणि संध्याकाळी माळावरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन ॲपमध्ये टाकते कारण तिथंच दोन कांड्या येतात. पावसात छत्री मानेत धरून टाकते. वही पण ठेवायची नि ॲप पण भरायचं, कागद वाचेल म्हणून आणलेलं काम डबल झालं. २०२३ ला राज्यभरातल्या आशाताई संपावर गेल्या तेव्हा ऑनलाईन कामाचा विषय त्यात होता, तो फक्त पगारासाठीचा हट्ट नव्हता एवढं लक्षात घ्या.

याला उपाय नाही असं नाही. रेंज नसताना माहिती फोनमध्येच साठवायची आणि रेंज आली की आपोआप वर जायची, ही काही नवी विद्या नाही, कितीतरी ॲप असं करतात. पण ते नीट करायला मेहनत लागते, आणि डेमो कायम वायफायवर होतो म्हणून ती मेहनत राहून जाते. असं मला वाटतं, चुकत असेन तर सांगा.

करोनात तर हे सगळ्या देशाने बघितलं. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस सुरू झाली पण नोंदणी फक्त ऑनलाईन. ज्याच्याकडे फास्ट नेट त्याला स्लॉट. गावाकडच्या केंद्रांवर शहरातून गाड्या करून माणसं आली आणि गावातली माणसं बांधावर उभी राहून बघत होती. शहरवाल्यांचा पण दोष नाही, लस सगळ्यांनाच हवी होती. मे महिना संपता संपता सरकारने केंद्रावर जाऊन नोंदणी करायची सोय दिली, सुप्रीम कोर्टानेही ज्यांच्याकडे फोन-नेट नाही त्यांचं काय असं विचारलं. म्हणजे चूक दुरुस्त झाली, पण ती पहिल्या दिवशीच दिसायला हवी होती, आणि दिसली असती, जर ठरवताना टेबलावर एखादी आशा बसलेली असती.

चांगली कामं कशी असतात तेही लिहितो, नाहीतर नुसती तक्रार होईल. टीबीच्या गोळ्यांसाठी आपल्याच देशात ९९ डॉट्स म्हणून एक पद्धत निघाली. गोळीच्या पाकिटाला बाहेरून कागदाचं कव्हर, गोळी बाहेर काढली की त्याच्या मागे लपलेला फोन नंबर दिसतो, पेशंटने त्या नंबरवर फुकटचा कॉल करायचा, झालं. ॲप नाही, नेट नाही, बटणाचा फोन चालतो. मी पहिल्यांदा ते पाकीट बघितलं तेव्हा अर्धा तास हातात घेऊन बसलो होतो, इतकं साधं आणि इतकं हुशार. पुढे तपासणीत असंही दिसलं की पुष्कळ लोक गोळी घेतात पण कॉल करायचं राहतं, म्हणजे त्यावर एकट्यावर भरवसा ठेवून चालत नाही, माणूस जाऊन विचारायला लागतोच. तरी विचार कुठून सुरू झाला बघा, पेशंटच्या हातातल्या फोनपासून.

तसंच किलकारी. गरोदर बाईच्या फोनवर आठवड्याला एक कॉल, चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत, एकूण ७२. वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. महाराष्ट्रात ते फेब्रुवारी २०२४ ला आलं, आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार भारतीताई पवार केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या त्यांनीच सुरू केलं. मराठीत आलं म्हणून आनंद झाला, आता कोकणीत, भिलीत, वारलीत पण आणा ना. दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करायला असा किती खर्च, आमच्या गावातल्या चार बाया आणून बसवतो मी, त्या बोलतील.

दक्षिण आफ्रिकेत २०१४ पासून मॉमकनेक्ट चालू आहे. तिथं नर्स दवाखान्यातच बाईची नोंद करते, साध्या फोनवरून, बॅलन्स लागत नाही, आणि मग बाईला तिच्या महिन्याप्रमाणे मेसेज येतात. पण मला आवडलेली गोष्ट ही की बाई उलट प्रश्न विचारू शकते, दवाखान्यात नीट वागवलं नाही तर तक्रार करू शकते, आणि तिला उत्तर येतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी चालणारा रस्ता आहे. आपला बऱ्याच ठिकाणी वन वे आहे.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. चुलत भावाचा मुलगा, नऊ वर्षांचा, श्रावणात जमिनीवर झोपलेला. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. सूज नाही, रक्त नाही, आईला वाटलं शिळं खाल्लं असेल. थोड्या वेळाने पापण्या जड व्हायला लागल्या, बोलणं जड. म्हाताऱ्या माणसांनी ओळखलं, मण्यार. मण्याराचा दंश असाच असतो, कळत पण नाही नि श्वासाचे स्नायू थांबत जातात. रेंज नव्हती म्हणून १०८ ला फोन करायला एकाला माळावर पळवलं, तोपर्यंत शेजारच्याची जीप काढली. जवळच्या दवाखान्यात नेलं, सापाच्या विषावरचं इंजेक्शन संपलेलं. पुढच्या ठिकाणी नेलं, इंजेक्शन होतं, ते दिलं पण व्हेंटिलेटर नाही. मग नाशिक. अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता, वाचला, आता शाळेत जातो. त्या जीपमध्ये मी नव्हतो, पण नंतर मोजलं, जीपमध्ये चार स्मार्टफोन होते. चार. त्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं की सापाचं इंजेक्शन आत्ता कुठं आहे.

आणि ही माहिती नाही असं नाही हो. औषधांच्या साठ्याचा हिशेब ठेवायला राज्यात ई-औषधीसारखी सिस्टीम आहेच, कुठं किती वायल, म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्या, आल्या नि किती गेल्या हे भरलं जातं. म्हणजे वर माहिती आहे. खाली, जीपमध्ये, नाही. मला एवढंच हवंय की वहिनीने एका नंबरवर फोन लावला, अगदी बटणाच्या फोनवरून, तर पलीकडून आवाज यावा की तुमच्या जवळ अमुक ठिकाणी एवढ्या वायल आहेत, डॉक्टर ड्युटीवर आहे, व्हेंटिलेटर तमुक ठिकाणी, निघा, मी तिकडे कळवतो. १०८ वर माणसं चोवीस तास बसलेली असतातच, २०१४ पासून राज्यात ती सेवा आहे, त्यांच्यासमोर हा साठा उघडून ठेवा. यात एआय लागत नाही, काही लागत नाही. ज्याने साठा रोज खरा भरायचा तो माणूस लागतो आणि खोटा भरला तर विचारणारा लागतो.

ड्रोनचं पण बोलतात. रवांडात २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने जातात, आपल्या शेजारी जव्हारला २०२१ ला लस ड्रोनने नेऊन दाखवली. चांगलं आहे, आमच्या घाटात रस्ता वाहून जातो तेव्हा उपयोग होईल. पण आधी फोन लागू दे.

२०२७ चा सिंहस्थ येतोय. गोदाघाटावर, तपोवनात, त्र्यंबकला जादाचे टॉवर येतील, कंट्रोल रूम होतील, आरोग्याची पण मोठी तयारी होईल, व्हायलाच पाहिजे, लाखो लोक येणार. माझी विनंती आहे की तेव्हा जे काही विकत घ्याल त्यातलं पर्वणी झाल्यावर काय उरणार नि ते कुठं जाणार हे आत्ताच लिहून ठेवा. टॉवरच्या गाड्या, सोलरच्या बॅटऱ्या, टॅबलेट, यातलं थोडं जरी पेठ-सुरगाण्याच्या उपकेंद्रांना मिळालं तरी पुष्कळ. २०२२ च्या डिसेंबरात सुरगाण्याच्या सीमेवरची गावं गुजरातमध्ये जायचं म्हणाली तेव्हा सगळे टीव्हीवाले धावत आले होते. रस्ता, पाणी, दवाखाना हेच तर मागत होती ती. आणि म्हसरूळला आपलं आरोग्य विद्यापीठ आहे १९९८ पासून, सगळ्या महाराष्ट्राची मेडिकल कॉलेजं त्याला जोडलेली. तिथल्या पोरांना परीक्षेआधी पंधरा दिवस आमच्याकडे पाठवा, नवीन ॲप आलं की ते आमच्या गावात चालतं का बघू द्या, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते ॲप थांबवा. नाही म्हणायचा अधिकार खालच्या माणसाला मिळाला तर अर्ध्या अडचणी आपोआप सुटतील.

गॅलरीतल्या कागदांचं पण बघा. माणसाच्या माहितीचा कायदा २०२३ ला झाला, पण आशाताईचा फोन एसटीत चोरीला गेला तर अख्ख्या गावाचे आधार कार्ड चोराच्या हातात जातात. माझ्यासारख्या रिपेअरवाल्याच्या टेबलावर तो फोन लॉक काढून पडलेला असतो. मी बघत नाही, पण दुसरा बघेल. कागदाचा फोटो ॲपमध्येच निघावा, गॅलरीत राहू नये, वर गेला की फोनमधून पुसला जावा. आणि सरकारी कामाला फोन लागतो तर तो फोन नि त्याचा रिचार्ज सरकारी असावा, यात मागण्यासारखं तरी काय आहे.

माझ्याकडे दुकानात एक ३२ जीबीचा फोन पडून आहे, बॅटरी अर्धी, काच तडकलेली, पण चालू आहे. तुमचं जे नवीन ॲप येतंय ते त्यात टाका, आधीची ११ राहू द्या, आणि एक दिवस वहिनीबरोबर फिरा. सकाळी नाशिकच्या सीबीएस एसटी स्टँडवरून पेठची गाडी धरा, पुढे आत न्यायला मी बाईक घेऊन उभा राहतो. जेवण घरी, नागलीची भाकरी नि उडदाचं भुजं. संध्याकाळी माळावर मोहाच्या झाडाखाली बसून तुम्ही स्वतः त्या दिवसाच्या नोंदी टाका, ओटीपीसाठी निफाडला फोन लावा. पावसाळ्यात आलात तर फार बरं, छत्री आमच्याकडे आहे.

तुमचा,
पेठ नाक्यावरचा मोबाईल रिपेअरवाला, नाशिक